पाहुण्या पेशी

टक्.

ईश्वरीचा हात होता तिथेच थांबला. दुपारची वेळ, पंखा बंद, खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. लेक रेवा आतल्या खोलीत झोपलेली. त्या शांततेत तो आवाज नखावर नख वाजावं इतकाच आला आणि विरून गेला. तरी तोवर ईश्वरी खुर्चीतून उठलेली होती.

आवाज हुंगणीचा होता. ज्या कंपनीनं हे यंत्र काढलं तिनं त्याला भलंमोठं नाव दिलं होतं, पण सोलापुरात सगळे त्याला हुंगणीच म्हणत. दाराच्या चौकटीवर बसवलेली, काडेपेटीएवढी पांढरी डबी. तिच्या पोटात केसाहून पातळ पापुद्रे होते आणि त्या पापुद्र्यांवर शेंगदाण्याचं प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडं चिकटवलेली होती. रेवाचं रक्त जशी तयार करतं तशीच. हवेतून त्या प्रथिनाचा कण आला की प्रतिपिंडं त्याला धरत, पापुद्रा किंचित वाकत असे आणि डबी टक् करत असे. एकच टक् म्हणजे कण कुठूनतरी उडत आलाय. लागोपाठ टकटक म्हणजे तो घरात आहे. रेवाला जे व्हायचं ते आधी हुंगणीला व्हायचं, एवढाच तिचा उपयोग, आणि त्या उपयोगावर हे घर चाललं होतं.

ईश्वरीनं हातात धरायची छोटी हुंगणी घेतली. पायपुसणं, सकाळी आलेली भाजीची पिशवी, नवऱ्याच्या, संगमेशच्या चपला, स्वतःच्या बाह्या. काही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मात्र डबी पुन्हा वाजली. खाली पहिल्या मजल्यावर शिवशरणकाकू उखळात चटणी कांडत होत्या. लसूण, लाल तिखट, जिरं, भाजलेले शेंगदाणे. ईश्वरीनं खिडकी लावायला हात उचलला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. तोंडाला पाणी सुटलं होतं. मग तिनं खिडकी लावली, काचेच्या फटीवर ओलं फडकं दाबलं आणि परत येऊन बसली.

ती घरी बसून चादरींचे नमुने काढून देत असे. पडद्यावर अर्धवट राहिलेला मोर होता. त्याच्या पिसाऱ्यातला एकेक चौकोन रंगवता रंगवता तिला जाणवलं की सकाळपासून आपण कुणाशी बोललेलोच नाही. रेवाशी बोललो तेवढंच. तेही बहुतेक ‘हात धुतलेस का’ असं.

सोलापुरात शेंगदाण्याची ॲलर्जी. डॉक्टर फरीदा बागवान पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, “माशाला पाण्याची ॲलर्जी व्हावी तसं झालंय हे. तुम्ही कोकणात जन्माला घातलं असतंत पोरीला तर निम्मं काम सोपं होतं.” इथे भाजीत कूट, आमटीत कूट, उपासाला कूट, डब्यात चटणी, कढईत शेंगतेल. सुरुवातीला शेजारच्या बायका यायच्या, हुंगणीसमोर हात धरायच्या, हसायच्या. शिवशरणकाकू म्हणाल्या होत्या, तुमच्याकडं यायचं म्हणजे विमानतळावरनं जावं लागतंय. मग हुंगणी एकदोनदा त्यांच्या पदरावर वाजली. त्या दारातूनच परत गेल्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त हळूहळू कुणी येईनासं झालं.

अव्वा तर त्याच्याही आधीपासून येत नव्हत्या.

अव्वा म्हणजे संगमेशची आई. सगळं घर त्यांना अव्वाच म्हणायचं. तेव्हा सगळे बाळीवेशीतल्या घरात एकत्र राहायचे. रेवाची पहिली संक्रांत आली आणि अव्वांनी बोरन्हाण करायचं ठरवलं. रेवाला आधीच शेंगदाण्यानं अंगावर गांध्या उठल्या होत्या, म्हणून अव्वांनी किती जपलं होतं. बोरन्हाणात चुरमुऱ्यांबरोबर भुईमुगाच्या शेंगाही असतात, त्या त्यांनी आणल्याच नाहीत. आलेल्या बायकांच्या पिशव्या स्वतः उघडून बघितल्या. रेवाला काळं झबलं, हलव्याचे दागिने घातले, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओतले, आणि पोरीनं मांडीवर पडलेला एक चुरमुरा उचलून तोंडात घातला.

चुरमुरे भडभुंज्याकडून ताजे भाजून आणलेले होते. भडभुंज्याची कढई एक, वाळू एक. त्याच तापल्या वाळूत सकाळी शेंगदाणे भाजलेले असतात आणि त्यांचं तेल, त्यांची धूळ वाळूत राहते, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ईश्वरीच्याही नाही. रेवाचे ओठ सुजले, आवाज बसला, ती निळी पडायला लागली. दवाखाना जवळ होता म्हणून ती वाचली.

त्यानंतर जुळे सोलापुरातला हा फ्लॅट, ही हुंगणी. अव्वांना कुणी दोष दिला नव्हता. पण त्यांनी पुन्हा रेवाला हात लावला नाही. रस्त्यात भेट झाली तरी पदरात हात गुंडाळून लांब उभ्या राहत. संगमेश टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागांवर देखरेख करायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे उघडायचे, म्हणून घरी आल्यावर तो आधी बाल्कनीत कपडे बदलायचा, अंघोळ करायचा आणि मगच लेकीला जवळ घ्यायचा. तोवर बऱ्याचदा ती झोपलेली असायची.

डॉक्टर बागवान यांनी बरंच करून पाहिलं होतं. दाण्याचा कणभर अंश रोज देऊन तो वाढवत नेण्याचा जुना उपाय रेवाला सोसला नाही. मग ईश्वरीच्या रक्तातल्या राखणदार पेशी देऊन पाहिल्या. शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना आवरतात, हा शत्रू नाही, सोड त्याला, असं सांगतात त्या राखणदार पेशी. रेवाच्या शरीरानं त्या थोड्याच आठवड्यांत काढून टाकल्या. त्यासाठी ईश्वरीचं रक्त तपासताना डॉक्टरांना एक वेगळीच गोष्ट दिसली आणि त्यांनी ईश्वरीला एकटीला बोलावून घेतलं.

“बाळ पोटात असतं ना, तेव्हा त्याच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात येतात,” डॉक्टर म्हणाल्या. “बाळंतपणानंतर जात नाहीत. वर्षानुवर्षं राहतात. रक्तात, हाडांच्या मगजात. आम्ही त्यांना पाहुण्या पेशी म्हणतो. आईचं शरीर त्यांना हाकलत नाही आणि त्या आईशी भांडत नाहीत. परक्या घरात गुण्यागोविंदानं राहायची सवय झालेली असते त्यांना. तुम्ही चटणी खाल्लीत, त्यांनी ती पाहिली, ओळखली. त्यांच्यातल्या राखणदार पेशी रेवाला दिल्या तर तिचं शरीर दाण्याला ओळखायला शिकेल.”

“म्हणजे रेवाच्याच पेशी, माझ्यात राहिलेल्या?”

समोरचा पडदा तिच्याकडे वळवलेला होता तो डॉक्टरांनी पुन्हा आपल्याकडे वळवला.

“रेवाच्या अगदी थोड्या आहेत. पुरणार नाहीत. दुसऱ्या पुष्कळ आहेत.” मग हळू आवाजात म्हणाल्या, “त्या मुलग्याच्या आहेत, मुलीच्या नाहीत. ईश्वरी, आधी कधी दिवस राहिले होते का?”

राहिले होते. आठव्या महिन्यात एका पहाटे पोट थंड पडल्यासारखं वाटलं होतं. तिला गुंगीचं औषध दिलं, ती जागी झाली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुलगा होता, एवढं कुणीतरी सांगितलं. मातीही देऊन झाली होती. त्याला नाव नव्हतं, फोटो नव्हता. घरी आल्यावर त्याचा विषय कुणी काढला नाही, तिनंही नाही. सगळे विसरलेत तर आपणच का आठवण द्यायची, असं तिला वाटायचं.

“तो आहे?” एवढंच तिनं विचारलं.

“तो नाही. त्याच्या पेशी आहेत. जिवंत आहेत.” डॉक्टरांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. “आणि रेवा तुमच्या पोटात असताना त्यातल्या काही तिच्यातही गेल्या असणार. म्हणून तिचं शरीर त्याला परका मानत नाही. त्या दोघांची ओळख आहे.”

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. या पेशी काचेत घालून वाढवता येत नाहीत; संख्येनं वाढतात पण शांतपणा विसरतात. आहेत तशाच काढाव्या लागतात आणि पुरेशा व्हायच्या तर जवळजवळ सगळ्याच. एका औषधानं त्यांना हाडांच्या मगजातून रक्तात आणायचं आणि रक्तातून गाळून घ्यायचं.

“परत होतील माझ्यात?”

“नाही. शोधून सापडणार नाहीत इतक्या कमी उरतील. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

कुठलीही आई तिथल्या तिथे हो म्हणाली असती, असं ईश्वरीला बाहेर पडताना वाटलं. ती विचार करून सांगते म्हणाली. घरी संगमेशनं विचारलं तेव्हा, अजून तपासण्या चालल्यात, असं सांगितलं.

आणि मग तिच्या दुपारी बदलल्या. रेवा झोपली की ती पूर्वीसारखीच पडद्यासमोर बसायची, तोच मोर, तेच चौकोन. पण आता खोलीत ती एकटी नसायची. खाली काकू चटणी कांडायला लागल्या की खिडकी लावण्याआधी ती जरा जास्त वेळ उभी राहायची आणि मनात म्हणायची, हे तुला माहीत आहे ना? पोटात होतास तेव्हा मी रोज भाकरीबरोबर खायची. चालताना, भांडी घासताना, अंगावर शाल घेताना तिला वाटायचं, आपण दोघं आहोत. इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणीतरी राहायला आलं होतं आणि त्याला दारात हात दाखवावे लागले नव्हते.

दवाखान्यातून फोन येत. ती म्हणायची, मिस्टरांना रजा नाही. एकदा डॉक्टर स्वतः बोलल्या. रागावल्या नाहीत. त्या पेशींचंही वय होतं, थकतात त्या, आणि रेवा जितकी लहान तितकं तिचं शरीर लवकर शिकेल, एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी रेवा बाहुली घेऊन दाराशी खेळत होती. आता तिला पाचवं लागलं होतं. ईश्वरी कणीक मळता मळता ऐकत होती. बाहुली दार वाजवायची. रेवा आतून विचारायची, कोण आहे? मग छोटी हुंगणी बाहुलीच्या हातांवरून फिरवायची, कपड्यांवरून फिरवायची. तोंडानंच टक् टक् आवाज काढायची आणि समजुतीच्या सुरात सांगायची, “तू बाहेरच थांब हं. मी तुला खिडकीतून टाटा करते.” दार लावायची. पुन्हा बाहुली यायची. पुन्हा तेच. ईश्वरी वाट बघत राहिली की एकदा तरी ती बाहुलीला आत घेईल. खेळच तर होता, खेळात काय बिघडणार होतं. पण रेवाच्या खेळात कुणी आत येतच नव्हतं.

संगमेशच्या सुट्टीच्या दिवशी ईश्वरी एकटीच बाळीवेशीत गेली. अव्वा अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सून एकटी आलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“रेवी बरी हाय न्हवं?”

“बरी आहे.” ईश्वरी त्यांच्यासमोर फरशीवरच बसली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरली. “अव्वा, तो अजून आहे.”

“कोण?”

“आपला. पहिला.”

अव्वांचा हात सुपातच राहिला. डोकं फिरलं का हिचं, असं त्यांच्या नजरेत आलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “कुठं?”

ईश्वरीनं छातीवर हात नेला. मग तो तिथून काढला, कारण ते काही खरं नव्हतं. “सगळीकडं. थोडा थोडा.” डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं तिनं जमेल तसं सांगितलं. पाहुण्या पेशी, रेवा, आणि त्या काढून घेतल्यावर काय होणार ते. मग अव्वांनी सूप बाजूला ठेवलं.

“मी न्हाऊ घातलं त्याला,” त्या म्हणाल्या. “तू गुंगीत होतीस. नर्स म्हणली, काय गरज न्हाई, तसंच गुंडाळून न्या. मी म्हणलं, गरम पाणी आणा. डोकं भरून जावळ होतं. कानाच्या पाळ्या तुझ्यासारख्या, गालाला चिकटलेल्या. अंग सगळं सैल होतं, पण डाव्या हाताची मूठ घट्ट. मी काय उघडली न्हाई ती. म्हणलं, असू दे त्याचं त्याच्याजवळ.”

ईश्वरीनं नकळत आपल्या कानाच्या पाळीला हात लावला.

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलं न्हाईस. मला वाटलं, विसरलीस, बरंच झालं.”

“मला वाटलं, तुम्ही विसरलात.”

अव्वा हसल्यासारखं काहीतरी हसल्या. “मी? ह्या हातांनी एकाला माती दिली, एकीला चुरमुरे घातले. हे हात विसरतात व्हय?” त्यांनी हात पदरात गुंडाळून घेतले. ती सवय आता त्यांना लागूनच गेली होती.

“काढून घेतलं तर माझ्याजवळ त्याचं काहीच उरणार नाही, अव्वा.”

“मग नको देऊस. ठेव. तुला कुणी काय बोलणार न्हाई. मी तर न्हाईच.” मांडीवर पडलेला तांदळाचा दाणा उचलून त्यांनी सुपात टाकला. “पण एक सांगू का? तो तुझ्याजवळ हाय, ते एकट्या तुला ठाऊक. लेक म्हणून त्याला कुणी हाक मारली न्हाई, नातू म्हणून मी मांडीवर घेतला न्हाई. कुणाचं काही व्हायला मिळालं न्हाई त्याला. आता रेवीचा भाऊ होतोय म्हणतीस, तर होऊ दे की.”

अव्वांच्या पदरातून ईश्वरीनं त्यांचे हात बाहेर काढले आणि तशीच बसून राहिली. अव्वा म्हणाल्या, “दाण्याचं असतंय गं हाताला.” ती म्हणाली, “असू दे. मी धुऊन जाईन.”

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात फोन केला. संगमेशलाही सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता बाल्कनीत निघून गेला आणि वाळत घातलेले कपडे उगाचच पुन्हा पुन्हा झटकत राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. तुझ्याबरोबर येतो, एवढंच म्हणाला.

रक्त गाळून घेणारं यंत्र खोलीच्या कोपऱ्यात गुणगुणत होतं. एका हातातून रक्त जात होतं, दुसऱ्या हातातून परत येत होतं, आणि मधल्या पिशवीत पिवळसर, जरा गढूळ असं काहीतरी साठत होतं. ताकाच्या निवळीसारखं. ईश्वरी त्या पिशवीकडे बघत पडून होती. तिनं त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नर्सनं पिशवी काढून नेली तेव्हा तिनं मान वळवून दारापर्यंत पाहिलं. दुखलं काहीच नाही. घरी आल्यावर दुपारी ती पडद्यासमोर बसली आणि खोली पूर्वीसारखीच मोठी झालेली तिला जाणवली.

रेवाला ती पिशवी दिली, त्यालाही आता काही महिने झाले. कणभर दाणा, मग दोन कण, मग पाव दाणा असं दवाखान्यात करत करत आज डॉक्टरांनी तिच्या तळहातावर अख्खा दाणा ठेवला. भाजलेला, सालासकट. खोलीत फक्त ईश्वरीला बसू दिलं होतं. संगमेश आणि अव्वा बाहेरच्या बाकावर होते. रिॲक्शन आलीच तर लगेच टोचायचं इंजेक्शनचं पेन टेबलावर उघडं ठेवलेलं होतं.

रेवानं दाणा चघळला. नाक मुरडलं. “साल नको,” म्हणाली. साल थुंकून टाकलं आणि उरलेला गिळला.

“झालं,” डॉक्टर म्हणाल्या. “आता नुसतं बसायचं. मी मधूनमधून येते.”

ईश्वरी लेकीचे ओठ बघत राहिली. मान, डोळ्यांच्या कडा, श्वास. रेवा रंगीत खडूंनी कागदावर काहीतरी गिरगटत होती. ओठ तसेच होते. आवाज तसाच होता. डॉक्टर दोनदा येऊन गेल्या, दुसऱ्या वेळी त्यांनी टेबलावरचं पेन उचलून टोपण लावून खिशात टाकलं आणि ईश्वरीच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर अव्वांना सांगायला त्या स्वतःच गेल्या. ईश्वरी तिथेच बसून रडली, आवाज न करता, पोरीला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे करून.

“अव्वा म्हणाली, दादानं मला दाणा खायला शिकवलं,” रेवा कागदावरून मान न उचलता म्हणाली.

“हो.”

“तो माझ्यात राहायला आलाय.”

“हो. त्याचं थोडंसं.”

“त्याचं नाव काय?”

“नाव ठेवायचं राहिलं, बाळा.”

रेवानं यावर विचार केला. हातातला खडू बदलला. “आधी तो कुठं राहायचा?”

“माझ्यात.”

“पोटात?”

“पोटात, हातात, पायात. सगळीकडं.”

रेवा खुर्चीवरून उतरली. ईश्वरीजवळ आली, तिच्या पोटाला कान लावला आणि डोळे बारीक करून ऐकत राहिली. तिच्या श्वासाला दाण्याचा पुसट वास येत होता. मग तिनं मान वर केली.

“आई, मग आता तुझ्यात कोण राहतं?”